चांदीच्या मोटारी आणि पहिलेपणाचा वाद

मोटारगाडीच्या बालपणातल्या गाड्या चांदीत घडवलेल्या स्वरूपात, त्यांच्या निर्मात्यांच्या हकिगतींसह जमवायच्या, हा छंद तसा थोड्यांचाच. पत्र्याच्या किंवा जस्ताच्या खेळण्यातल्या गाड्या जमवणाऱ्यांच्या मानाने चांदीवाले मूठभर. त्याभोवतीचे वाद मात्र मूठभरांपुरते राहिलेले नाहीत. सराफ, वस्तुसंग्रहालयांचे अभिरक्षक, लिलावगृहे आणि तंत्रज्ञानाचे इतिहासकार या सगळ्यांचा त्यांच्याशी या ना त्या नात्याने संबंध येतो.

वाद मुख्यतः तीन आहेत. चांदीच्या मोटारीची किंमत ठरवायची ती धातूवरून, कामावरून की मालिकेवरून, हा पहिला. ती प्रतिकृती म्हणायची तर नेमकी कशाची, हा दुसरा. आणि गाड्या ओळीने मांडताना पहिला मान कोणाला द्यायचा, हा तिसरा. वरवर पाहता पहिला बाजाराचा, दुसरा कारागिरीचा आणि तिसरा इतिहासाचा. पण तिन्हींचा निकाल शेवटी वस्तूसोबतच्या कागदावर येऊन ठेपतो: ती कोणी, केव्हा, किती शुद्धतेच्या चांदीत, कोणत्या गाडीवरून आणि कोणत्या माहितीच्या आधारे घडवली. हे तिन्ही वाद आज कुठवर आले आहेत, ते क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

चांदीत छोट्या वस्तू घडवण्याची परंपरा मोटारीपेक्षा कितीतरी जुनी. सतराव्या-अठराव्या शतकांत ॲमस्टरडॅमच्या सोनारांनी चांदीची खेळणी ही जवळपास स्वतंत्र शाखाच करून टाकली. अर्नोल्डस व्हान गेफेनसारख्या कारागिरांनी खुर्च्या, शेगड्या, घोडागाड्या असे बोटभर उंचीचे असंख्य नग केले. नाव खेळण्यांचे, पण जागा श्रीमंत घरच्या बाहुलीघरांत आणि काचेच्या कपाटांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या हानाऊ गावाने हाच माल मोठ्या प्रमाणावर काढला. हानाऊच्या कारखानदारांनी जुन्या काळातल्या शिक्क्यांसारखे दिसणारे काल्पनिक शिक्के उठवून माल बाजारात आणला. चांदीच्या छोट्या वस्तूंच्या संग्राहकांना शिक्क्याकडे संशयाने पाहायची सवय लागली ती तेव्हापासून.

मोटार चांदीत आली ती शर्यतीच्या करंडकांतून. १९०० साली सुरू झालेल्या गॉर्डन बेनेट शर्यतींचा करंडक पॅरिसच्या ओकॉक या चांदीकारांच्या पेढीने घडवला. त्यावर पानार मोटार आहे आणि तिच्यावर प्रगतीचा देव व विजयाची देवता आरूढ आहेत. अमेरिकेत १९०४ साली विल्यम व्हँडरबिल्ट (धाकटे) यांनी दिलेला व्हँडरबिल्ट कप टिफनी कंपनीने स्टर्लिंग चांदीत केला. त्यावर खुद्द व्हँडरबिल्ट आपल्या मर्सिडीजमध्ये बसलेले कोरले आहेत. म्हणजे मोटार रस्त्यावर जेमतेम रुळत असतानाच तिला चांदीतले मानाचे स्थान मिळाले होते.

दुसरे वळण दुसऱ्या महायुद्धानंतरचे. जुन्या मोटारींबद्दल हौस वाढू लागली होती. १९५६ साली इंग्लंडच्या लेस्नी कंपनीने 'मॉडेल्स ऑफ यस्टरइयर' ही जुन्या गाड्यांच्या प्रतिकृतींची मालिका काढली. गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या. त्यांतल्याच काहींना सोनेरी-रुपेरी मुलामा चढवून त्या राखदाण्यांवर, पेनस्टँडवर बसवल्या आणि भेटवस्तू म्हणून विकल्या. आजही अनेक घरांत 'चांदीची मोटार' म्हणून जपलेली वस्तू मूळची या जातीची निघते.

तिसरे वळण खासगी टांकसाळींचे. अमेरिकेत १९६४ साली स्थापन झालेल्या फ्रँकलिन मिंटने आणि तिच्या मागोमाग आलेल्या कंपन्यांनी चांदीची पदके, चित्रे उठवलेल्या छोट्या लगडी आणि लघुप्रतिकृती वर्गणीदार पद्धतीने विकल्या. ठरावीक मुदतीत नाव नोंदवायचे. मग हप्त्याहप्त्याने एकेक नग टपालाने घरी. सोबत त्या गाडीची आणि तिच्या निर्मात्याची हकिगत सांगणारे पत्रक. गाडी आणि चरित्र यांची जोडी बांधली गेली ती या पद्धतीमुळे, आणि या छंदाचे आजचे रूपही तिनेच घडवले.

पहिला वाद: किंमत कशाची?

या प्रश्नावर तीन भूमिका आहेत.

पहिली धातूची. या मतानुसार चांदीची मोटार म्हणजे आधी चांदी, मग मोटार. वजन करावे, टंच काढावा, त्या दिवसाच्या भावाने गुणावे. त्यावर जे मिळेल तो नशिबाचा भाग. या भूमिकेला मोठे बळ मिळाले ते १९७८ ते १९८० या काळात. १९७८ साली अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवरील 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमाने फ्रँकलिन मिंटची पदके पुन्हा विकायला गेल्यावर मूळ किमतीच्या किती खाली जातात, हे दाखवले. पाठोपाठ चांदीचा भाव भडकला. १९७९च्या आरंभी औंसाला सुमारे ६ डॉलर असलेली चांदी टेक्सासच्या हंट बंधूंच्या साठेबाजीमुळे जानेवारी १९८० मध्ये ५० डॉलरच्या घरात पोचली आणि तिथून घसरत २७ मार्च १९८० रोजी १०.८० डॉलरवर कोसळली.

हिशेब करून पाहावा. ६० ग्रॅमच्या भरीव स्टर्लिंग मोटारीत शुद्ध चांदी ५५.५ ग्रॅम, म्हणजे सुमारे १.७८ ट्रॉय औंस. १९७९च्या सुरुवातीला तिच्यातल्या धातूचे मोल जेमतेम ११ डॉलर. वर्षभरात ते ८९ डॉलरच्या आसपास. आणि मार्चअखेर पुन्हा १९ डॉलर. मधल्या थोड्या आठवड्यांत ज्यांनी विकले, त्यांनी साहजिकच भट्टीला विकले. पदके, लगडी, ताटे, वाट्या यांच्याबरोबर छोट्या गाड्याही आटल्या.

दुसरी भूमिका कामाची. तिच्या मते वजनाचा काटा इथे चुकीचा मापदंड आहे. ओतकामाने काढलेला एकसंध ठोकळा आणि सुटे भाग करून डाख देऊन जोडलेली, चाके फिरणारी, सुकाणू वळणारी गाडी या दोन्ही एकाच वजनाच्या असू शकतात. त्यांच्यामागची मेहनत एक नसते. आरे असलेले चाक चांदीत करणे हीच मोठी परीक्षा. बारीक तार वाकते, डाख देताना वितळते आणि उजाळताना झिजते. म्हणून पुष्कळ कारखानी प्रतिकृतींत आरे जाडजूड किंवा नुसते उठावाचे असतात. हातकामाच्या मोजक्या नगांना धातूच्या कितीतरी पट किंमत येते, हे या पक्षाचे मुख्य उदाहरण. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे, की कामाला किंमत येते ती कारागिराचे नाव ठाऊक असते तेव्हा. कारखानी मालावर ते नसते.

तिसरी भूमिका मालिकेची. एकटा नग धातूच्या भावाने गेला तरी पूर्ण संच, मूळ पेटी, सगळी पत्रके आणि वर्गणीचा दाखला यांसह आला, तर तो वेगळीच वस्तू ठरतो. यावरचा आक्षेपही तितकाच सरळ आहे. वर्गणीदार मालिकेत 'मर्यादित' याचा अर्थ मुदतीत आलेल्या मागण्यांइतके नग असा होता. मागण्या हजारोंनी आल्या, तर मर्यादाही हजारोंची. यावर मालिकावाले १९८०कडेच बोट दाखवतात: भट्टीतून वाचलेले पूर्ण संच आज कमी असणार. तर्क पटण्याजोगा आहे. पण तेव्हा किती संच आटले याची मोजदाद कोणी ठेवली नाही, त्यामुळे दुर्मिळतेचा दावा अंदाजावरच उभा आहे. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये चांदीने १९८०चा उच्चांक ओलांडला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

तिन्ही भूमिकांच्या मुळाशी एक तांत्रिक अडचण आहे: हातातली वस्तू किती चांदीची? भरीव स्टर्लिंग, आतून राळ किंवा सिमेंट भरलेले पातळ कवच, विद्युत्-विलेपनाने राळेवर चढवलेला चांदीचा थर आणि नुसता मुलामा, हे चारही प्रकार कपाटात सारखेच दिसतात. शिक्क्यांची पद्धतही देशागणिक वेगळी. ब्रिटनमध्ये लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि एडिनबरा इथली कस तपासणारी कार्यालये स्वतः तपासून शिक्का उठवतात, पण ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीला तो सक्तीचा नाही, त्यामुळे अगदी छोटी गाडी शिक्क्याविना असूनही अस्सल असू शकते. अमेरिकेत कस तपासणारी सरकारी यंत्रणाच नाही. 'स्टर्लिंग' हा शब्द घडवणाऱ्याचा स्वतःचा, आणि १९६१पासून त्याच्याशेजारी त्याची नोंदणीकृत खूण असावी एवढी अट. क्ष-किरण यंत्राने वरच्या थराचा कस कळतो, आतले कळत नाही. आतले कळायला पाण्यात वजन करून घनता काढण्याची जुनी रीतच उपयोगी पडते. स्टर्लिंगची घनता घनसेंटिमीटरला १०.४ ग्रॅमच्या आसपास यायला हवी. फार कमी आली तर वस्तू भरीव स्टर्लिंगची नाही, एवढे नक्की.

दुसरा वाद: प्रतिकृती कशाची?

जस्ताच्या गाड्या जमवणाऱ्यांच्या जगात प्रमाण ठरलेले आहे: १:४३, १:२४, १:१८. चांदीत ही शिस्त क्वचितच पाळली जाते. मालिकेतली प्रत्येक गाडी पेटीतल्या सारख्याच खाचेत बसावी म्हणून लांबलचक टूरर आणि आखूड तीनचाकी साधारण एकाच लांबीच्या केल्या जातात. मापाचा आग्रह धरणारे याला प्रतिकृती मानत नाहीत. त्यांच्या लेखी ही शोभेची वस्तू. दुसरा पक्ष चांदीची गाडी शिल्पाच्या नात्याने पाहतो. चांदीत रंग नाही, चामडे नाही, रबर नाही. उरतो फक्त आकार. तो आकार बोलका झाला की काम झाले, मग टायरची जाडी केसभर चुकली तरी चालेल. रोल्स-रॉइसची १९०७ सालची 'सिल्व्हर घोस्ट' हा इथला गमतीचा अपवाद. मूळ गाडीलाच रुपेरी रंग आणि चांदीचा मुलामा दिलेले भाग होते, त्यामुळे निदान रंगाच्या बाबतीत चांदीतली प्रत खरी ठरते.

अधिक अवघड प्रश्न मूळ गाड्यांचाच आहे. निकोला-जोसेफ क्युन्यो यांनी फ्रेंच लष्करासाठी तोफा ओढायला केलेली वाफेची तीनचाकी (१७७०) पॅरिसच्या कला व हस्तव्यवसाय संग्रहालयात आजही उभी आहे. तिच्यावरून केलेली प्रत थेट मुळाशी जाते. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांची वाफेची गाडी १८०१च्या नाताळच्या आदल्या दिवशी कॉर्नवॉलमधल्या कॅमबोर्न इथे चालली आणि काही दिवसांतच जळून गेली. डाइमलर आणि मायबाख यांची १८८५ची लाकडी सांगाड्याची मोटारसायकल १९०३ साली कान्श्टाटच्या कारखान्याला लागलेल्या आगीत गेली. या दोन्हींच्या चांदीतल्या प्रती म्हणजे नंतर केलेल्या पुनर्रचनांच्या प्रती. कार्ल बेंझ यांची पहिली मोटारवॅगन म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. पण मधल्या वर्षांत तिचे काही भाग बदलले गेले आणि देण्याआधी ती पुन्हा जुळवावी लागली. मग चांदीत कोणती अवस्था घ्यायची, पहिल्या दिवसाची की संग्रहालयातली?

सर्वांत विलक्षण उदाहरण सेल्डन गाडीचे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचे वकील जॉर्ज सेल्डन यांनी १८७९ साली मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो वर्षानुवर्षे मुद्दाम रेंगाळत ठेवला आणि ५ नोव्हेंबर १८९५ रोजी पेटंट मिळवले. प्रत्यक्ष गाडी मात्र त्यांनी तोवर बांधलेलीच नव्हती. पुढे हेन्री फोर्ड यांच्याविरुद्ध खटला चालू असताना, आपली रचना चालते हे दाखवण्यासाठी ती बांधली गेली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत '१८७७' हे साल रंगवले गेले. या गाडीची चांदीतली प्रत जमवणाऱ्याने खाली कोणते साल लिहायचे, या प्रश्नावर मापाचा आग्रह धरणारे आणि आकाराचा आग्रह धरणारे दोघेही सारखेच अडतात.

या वादात आता एक मधला मार्ग रूढ होताना दिसतो. प्रतिकृतीचे नाव देताना ती कोणत्या संग्रहालयातल्या, कोणत्या अवस्थेतल्या गाडीवरून किंवा पेटंटच्या कोणत्या रेखाचित्रावरून घेतली, हेही सांगायचे. मापाचा प्रश्न याने सुटत नाही. 'मूळ' म्हणजे काय, याबद्दलची फसगत मात्र टळते.

तिसरा वाद: पहिला कोण?

संच ओळीने मांडायचा म्हटले की पहिल्या जागेचा प्रश्न आपोआप येतो. त्याची उत्तरे व्याख्येप्रमाणे बदलतात, आणि प्रत्येक व्याख्येमागे गंभीर अभ्यासक उभे आहेत.

पहिली व्याख्या: स्वतःच्या शक्तीने रस्त्यावर चालणारे वाहन ते मोटार. मग क्युन्यो पहिले, आणि पाठोपाठ ट्रेव्हिथिक. क्युन्योंची गाडी भिंतीला धडकून जगातला पहिला मोटार अपघात झाला, ही हकिगत पत्रकांवर हमखास असते. पण तिचा छापील उल्लेख घटनेनंतर तीसेक वर्षांनी येतो, त्यामुळे इतिहासकार तिच्याबाबत सावध आहेत.

दुसरी व्याख्या: अंतर्ज्वलन इंजिनावर चालणारे वाहन. इथे दावेदारांची गर्दी होते. पॅरिसचे एतिएन लन्वार यांनी १८६०च्या दशकात आपले गॅस इंजिन गाडीवर चढवून पाहिले. फ्रान्समध्येच एदुआर दलामार-दबूतव्हील यांचे १८८४चे पेटंट आहे. आणि व्हिएन्नाचे सिगफ्रीड मार्कुस आहेत. त्यांचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा.

मार्कुस यांची दुसरी गाडी व्हिएन्नाच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. तिचे साल कित्येक दशके १८७५ असे छापले जात होते. तसे असते तर बेंझ यांच्यावर तिची अकरा वर्षांची आघाडी झाली असती. पुढे कागदपत्रे तपासली तेव्हा ती १८८८-८९ची ठरली. नुसते एवढेच असते तर साल दुरुस्त करून विषय संपला असता. पण मार्कुस ज्यू होते. १९३८ नंतर नाझींनी व्हिएन्नातले त्यांचे स्मारक हटवले आणि १९४० साली जर्मन प्रचार खात्याने विश्वकोशांच्या प्रकाशकांना, मोटारीचे जनक म्हणून मार्कुस यांच्याऐवजी डाइमलर आणि बेंझ यांची नावे द्यावीत, असे कळवले. त्यामुळे मार्कुस यांच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: त्यांचे नाव अन्यायाने पुसले गेले, आणि त्यांच्या गाडीचे जुने साल चुकीचे होते. जुन्या पत्रकांत दुसरी गोष्ट सापडत नाही. नव्या पत्रकांत कधी कधी पहिली गाळलेली असते.

तिसरी व्याख्या: इंजिन, सांगाडा आणि चाके यांचा एकत्र विचार करून मुळातच मोटार म्हणून रचलेले, पेटंट घेतलेले आणि विक्रीला आणलेले वाहन. या व्याख्येने कार्ल बेंझ पहिले. त्यांचे ३७४३५ क्रमांकाचे जर्मन पेटंट २९ जानेवारी १८८६चे. गाडी त्या वर्षी ३ जुलै रोजी मानहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर धावली. २०११ साली युनेस्कोने हे पेटंट 'जगाची स्मृती' या नोंदपटात घेतले. त्याच वर्षी, १८८६ मध्येच, डाइमलर आणि मायबाख यांनी कान्श्टाटमध्ये चारचाकी घोडागाडीत इंजिन बसवले. बेंझ यांच्या बाजूचे म्हणतात, की ती मुळातली घोडागाडीच. डाइमलर यांच्या बाजूचे उत्तर देतात, की पुढे जगभर गेले ते त्यांचे हलके, जलद फिरणारे इंजिन. मायबाख यांचे नाव डाइमलर यांच्या सावलीत राहते, हा आणखी एक उपवाद.

अमेरिकेत हीच चर्चा वेगळ्या नावांनी होते. चार्ल्स आणि फ्रँक ड्युरिया या भावांची गाडी २१ सप्टेंबर १८९३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे चालली. पण त्यात कोणाचा वाटा किती, यावरून दोघे भाऊ आयुष्यभर भांडले. फ्रँक १९६७पर्यंत जगले आणि आपली बाजू मांडत राहिले. सेल्डन यांचे पेटंट १९०९ साली न्यायालयाने मान्य केले. १९११च्या जानेवारीत वरच्या न्यायालयाने पेटंट ग्राह्य असल्याचे सांगूनही, पेटंटातल्याहून वेगळी, ऑटो पद्धतीची इंजिने वापरणाऱ्या फोर्ड यांनी ते मोडलेले नाही, असा निकाल दिला. मोटार फोर्ड यांनी शोधली, हा सार्वत्रिक समज मात्र कुठल्याच व्याख्येत बसत नाही. त्यांची पहिली गाडी ४ जून १८९६ची आणि 'मॉडेल टी' १९०८ची. त्यांचे श्रेय गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणल्याचे.

चौथी भूमिका अलीकडे बळावली आहे. तिच्या मते 'पहिला कोण' हा प्रश्नच फसवा, कारण मोटार एका माणसाने शोधलेली नाही. या पक्षाचा भक्कम पुरावा १९०० सालच्या अमेरिकी आकड्यांत आहे. त्या वर्षी तिथे बनलेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या होत्या. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी कामीय जेनात्झी यांची गाडी विजेची होती. १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ताशी २०५ किलोमीटर गाठणारी स्टॅनले बंधूंची गाडी वाफेची. तेव्हा पेट्रोल जिंकेल असे कोणी छातीठोक सांगू शकत नव्हते. मग १९७०च्या दशकातल्या मालिकांत पेट्रोलच्या गाड्यांची भरती आणि बाकीच्यांची तोंडी लावण्यापुरती हजेरी दिसली, तर तो नंतर कळलेल्या निकालाचा परिणाम आहे, असे ही मंडळी म्हणतात.

हीच भूमिका माणसांनाही लावली जाते. बेर्टा बेंझ यांनी लग्नाआधीच हुंड्याचा पैसा कार्ल यांच्या धंद्यात घातला. ऑगस्ट १८८८ मध्ये ऑयगेन आणि रिखार्ड या मुलांना घेऊन त्यांनी मानहाइम ते फोर्त्सहाइम हा शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत व्हीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतले, ब्रेकला चामडे ठोकून घेतले. गाडी लांब पल्ल्याला टिकते हे लोकांना या प्रवासाने पटले. मग मोटारवॅगनच्या पत्रकावर नाव एकाचे असावे की दोघांचे? पारंपरिक पक्ष म्हणतो, पेटंटवर आहे ते नाव. दुसरा पक्ष विचारतो, त्या काळी पेटंटवर कोणाचे नाव येऊ शकत होते, हेही इतिहासातच मोडत नाही का?

आपल्याकडची स्थिती

भारतात चांदीतल्या लघुवस्तूंना राजाश्रयाची परंपरा आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिंदे घराण्याच्या भोजनाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी तिचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. ती पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन जात असे. ती नुसती शोभेची नव्हती, रुळांवरून चालत होती. चांदीत यंत्र करताना यंत्रपण टिकवायचे की नाही, या दुसऱ्या वादात तिचा दाखला घेण्याजोगा आहे. चांदीकामाची गावेही आपल्याकडे आहेत: कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी आणि बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव. पण त्यांची ख्याती दागिन्यांची, भांड्यांची आणि देवाच्या वस्तूंची. मोटारीसारख्या प्रतिकृतीला स्थानिक मागणी थोडी. मूळ गाडी पाहायची, तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली रोल्स-रॉइस चिलखती मोटार आहे.

आपल्या बाजारात धातूची भूमिका सर्वांत बळकट आहे. चांदीची वस्तू घेताना घडणावळ वेगळी द्यायची आणि मोडीत देताना ती सोडून द्यायची, वर तूट धरायची, हा पेढीवरचा रिवाज इतका मुरलेला आहे, की कामाची किंमत परत मिळू शकते ही कल्पनाच नवी वाटते. परदेशातून वारशाने किंवा भेट म्हणून आलेल्या चांदीच्या गाड्या इथे बहुधा याच वाटेने जातात. शिक्क्याच्या बाबतीत, भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क सोन्याला सक्तीचा झाला असला तरी चांदीला अजून ऐच्छिक आहे. कायद्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभीचे चांदीचे करंडक आणि प्रतिकृती आता एकेक करून ही मर्यादा ओलांडत आहेत. कालपर्यंतची हौसेची वस्तू उद्या पुरावस्तू ठरते, आणि तिचे साल सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते.

जतनाचा पोटप्रश्न

चांदी गंजून भुगा होत नाही. जुन्या जस्ताच्या गाड्यांना शिशाच्या भेसळीमुळे लागते तशी कीड तिला लागत नाही. पण ती काळवंडते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तिच्यावर सल्फाइडचा थर चढतो. लोकर, रबर आणि वर्तमानपत्राचा कागद शेजारी असला की तो लवकर चढतो. उजाळावी की तशीच ठेवावी, याबद्दल मतभेद आहेत. आपल्याकडे सणावाराला चांदी लखलखीत करण्याची रीत आहे. संग्रहालयांचे तज्ज्ञ मात्र सांगतात, की प्रत्येक उजाळणीत थोडी चांदी जाते आणि सर्वांत आधी शिक्के आणि बारीक कोरीवकाम पुसट होते. शिक्का हाच पुरावा असेल, तर अति उजाळणे म्हणजे पुरावा घासून टाकणे. आम्लविरहित कागदात गुंडाळून, हवाबंद पेटीत ठेवणे आणि क्वचितच, मऊ कापडाने पुसणे, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

काय सुटले, काय उरले

तिन्ही वादांची आजची स्थिती सारखी नाही. किमतीच्या वादात धातूचे मोल ही तळाची रेघ सर्वांना मान्य आहे. तिच्या वर काय आणि किती, हे अजून प्रकरणागणिक ठरते. चांदीचा भाव चढला की तळाची रेघ वर येते आणि बाकीच्या भूमिका तात्पुरत्या गप्प होतात. भाव उतरला की पुन्हा बोलू लागतात. प्रतिकृतीच्या वादात मापाचा आग्रह धरणाऱ्यांचे आणि शिल्पाच्या दृष्टीने पाहणाऱ्यांचे जुळण्याची चिन्हे नाहीत, पण मूळ आधार नोंदवण्याबाबत दोघांचेही हित एकच आहे. पहिलेपणाच्या वादात एक नाव ठरलेले नाही आणि ठरण्याची शक्यताही कमी. व्याख्या आधी सांगावी, मग नाव घ्यावे, एवढी शिस्त मात्र अभ्यासकांत रुजली आहे.

उरलेले प्रश्न मुख्यतः नोंदींचे आहेत. १९८०च्या आटवणीतून कोणत्या मालिकांचे किती संच वाचले? घडवणाऱ्या कंपन्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या, त्यांच्या साच्यांचे आणि नोंदवह्यांचे काय झाले? जुन्या पत्रकांतली चूक कळल्यावर ती दुरुस्त करावी, की पत्रक त्या काळाचा दस्तऐवज म्हणून जसेच्या तसे ठेवून शेजारी नवी टीप जोडावी? या शेवटच्या प्रश्नावर ग्रंथालयांचा अनुभव दुसऱ्या पर्यायाकडे झुकतो. '१८७५' छापलेले मार्कुस यांचे पत्रक आज मोटारीच्या इतिहासाबद्दल चुकीचे सांगते, पण आपल्या काळात कोणती समजूत रूढ होती हे अचूक सांगते. ते फेकून दिले तर दुसरी माहिती कायमची जाते.

त्यामुळे या छंदात नव्याने येणाऱ्याने आधी वस्तू घ्यावी की आधी वही, असा प्रश्न विचारला, तर तिन्ही वादांतून निघणारे उत्तर एकच आहे: आधी वही. प्रत्येक गाडीपुढे वजन, घनता, शिक्के, घडवणाऱ्याचे नाव, मूळ गाडी कोणती व कुठे, आणि हकिगतीचा आधार कोणता, एवढ्या सहा गोष्टी लिहिलेल्या असल्या, तर ती गाडी पेढीवर, लिलावात किंवा संग्रहालयात, कुठेही आपली बाजू मांडू शकते. त्या नसतील, तर तिच्याबद्दल खात्रीने बोलू शकतो तो फक्त तराजू.